माथेरानचे लोकप्रतिनिधी भाई कोतवाल

आज ज्याला रायगड जिल्हा म्हणतात आणि १९८१ पूर्वी ज्याचे नाव कुलाबा असे होते, त्या मुलखात १९४२ साली एकच राज्य नव्हते. दक्षिणेकडे राजपुरीच्या खाडीच्या आतल्या टोकाशी वसलेले म्हसळा हे गाव आणि त्याचा महाल जंजिरा संस्थानात मोडत असे. तेथला धनी म्हणजे मुरूडचा सिद्दी नवाब. म्हसळ्याच्या शेजारचा माणगाव तालुका, पलीकडचे महाड आणि उत्तरेस पनवेल, कर्जत येथवरचा प्रदेश मात्र अलिबागेस बसणाऱ्या कलेक्टराच्या अमलाखाली होता. सामान्य शेतकऱ्याच्या दृष्टीने दोहोंत फारसे अंतर नव्हते. सारा दोन्हीकडे द्यावाच लागे, आणि नवाबाच्या गादीमागेही अखेर इंग्रजांचेच बळ उभे होते. तथापि एक भेद होता. खालसा मुलखात लॉर्ड रिपन ह्यांच्या १८८२ च्या ठरावापासून नगरपालिका आणि लोकल बोर्डे ह्यांच्या रूपाने लोकप्रतिनिधींना एक चिंचोळी वाट मोकळी झाली होती. दिवाबत्ती, पाणी, रस्ते आणि शाळा एवढाच तिचा पल्ला. पण त्या वाटेने शिरलेला एक तरुण पुढे कोठवर गेला, ह्याची हकीकत म्हणजे माथेरानच्या भाई कोतवालांचे चरित्र होय.

माथेरानचा शोध १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट ह्याने लावला, असे पुस्तकांतून लिहिलेले आढळते. वस्तुतः त्या डोंगरावर ठाकूर, कातकरी आणि धनगर ह्यांचा वावर आधीपासूनच होता. मॅलेटने शोध लावला तो साहेबांच्या विसाव्यासाठी. पुढे बंगले उठले, बाजार वसला, आणि १९०७ साली पीरभॉय कुटुंबाच्या उद्योगाने नेरळहून वर जाणारी छोटी आगगाडीही सुरू झाली. उन्हाळ्यात मुंबईची श्रीमंत मंडळी थंड हवेसाठी वर येत, आणि त्यांच्या सेवेसाठी घोडेवाले, हमाल, धोबी, न्हावी, भिस्ती ह्यांची एक वेगळीच वस्ती तेथे नांदत असे. दोन-अडीच हजार फूट उंचीच्या ह्या पठारावर सुखवस्तूंचा हंगाम चाले, आणि पायथ्याच्या खेड्यांत आगोटीपूर्वीच कणग्या रिकाम्या होत. एका डोंगराची ही दोन टोके ज्याने जवळून पाहिली, त्याला राजकारण शिकण्यासाठी दूर जावे लागले नाही.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल ह्यांचा जन्म ह्याच माथेरानात १ डिसेंबर १९१२ रोजी एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. त्या काळी बलुतेदाराच्या मुलाने वस्तरा टाकून पुस्तक हाती धरणे, आणि धरलेले पुस्तक शेवटपर्यंत न सोडणे, ही गोष्ट सोपी नव्हती. घरची ओढाताण, बिऱ्हाडाचा प्रश्न आणि शाळेच्या फीची विवंचना ह्या तिन्हींशी झगडत विठ्ठलाने पुण्यास शिक्षण घेतले आणि अखेर कायद्याची परीक्षा देऊन तो वकील झाला. अशा तऱ्हेने वर आलेल्या माणसापुढे दोन मार्ग असत. मुंबईस किंवा पुण्यास वकिली थाटून मागचे दारिद्र्य विसरून जाणे हा एक, आणि ज्यांच्यातून आपण आलो त्यांच्याकडे परत जाणे हा दुसरा. कोतवालांनी दुसरा मार्ग पत्करला. लोक त्यांना भाई म्हणू लागले ते ह्याच परतीच्या काळात.

येथे त्या वेळच्या प्रांतिक राजकारणाची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर ह्यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ अधिकारावर आले होते. परंतु १९३९ च्या सप्टेंबरात व्हाइसरॉयने हिंदी जनतेस न विचारता हिंदुस्थान युद्धात सामील असल्याचे जाहीर केले, आणि त्याच्या निषेधार्थ नोव्हेंबरात ह्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. तेव्हापासून प्रांताचा कारभार गव्हर्नर आणि त्याचे सल्लागार ह्यांच्या हाती गेला. म्हणजे कायदेमंडळ कागदावर राहिले आणि लोकांनी निवडलेला माणूस दैनंदिन कारभारात जेथे हात घालू शकेल अशी जागा उरली ती गावच्या नगरपालिकेत. माथेरानच्या नगरपालिकेत निवडून येऊन कोतवाल तिचे उपाध्यक्ष झाले, त्याचे महत्त्व ह्या पार्श्वभूमीवर समजते. गावातल्या हजामाचा मुलगा गावच्या सभागृहात अध्यक्षाच्या शेजारी बसला, ही सामाजिक दृष्ट्याही लहान घटना नव्हती.

परंतु भाईंची खरी पालिका माथेरानच्या हद्दीत मावणारी नव्हती. पायथ्याच्या कर्जत तालुक्यात भात हेच पीक आणि सावकार हाच बँकर. दिवाळीत भात कापले जाई. त्यातून सारा, खंड आणि मागचे देणे फेडता फेडता होळीपर्यंत घर रिकामे होई. मग पावसाळ्याच्या तोंडाशी, जेव्हा शेतात राबण्यासाठी अंगात बळ हवे तेव्हाच, शेतकरी आणि आदिवासी सावकाराच्या दाराशी खावटी मागावयास उभा राही. खावटी म्हणजे खाण्यापुरते उसने धान्य. ते परत करावयाचे ते सुगीत, आणि दिढीदुपटीने. आज घेतलेल्या एका मणाचे चार महिन्यांत दीड मण होत, आणि न फिटलेल्या दीड मणावर पुढल्या वर्षी पुन्हा तोच हिशेब चाले. अशा फेऱ्यात सापडलेल्या कुळाची जमीन आज ना उद्या सावकाराच्या नावे चढे.

ह्यावर भाईंनी योजलेला उपाय साधा होता. त्यांनी धान्यकोठी उभी केली. सुगीच्या वेळी धान्य साठवावे, आणि तंगीच्या दिवसांत गरजूंना द्यावे, म्हणजे सावकाराच्या दाराशी जाण्याचे कारणच उरत नाही. ह्या योजनेत कोठलेही गूढ अर्थशास्त्र नव्हते. तिला लागत होता तो विश्वास. आपले धान्य आपण ज्याच्या हवाली करतो तो ते खाणार नाही, आणि ज्याला देतो तो ते बुडवणार नाही, असा दुहेरी भरवसा असल्यावाचून कोठी चालत नाही. तो भरवसा भाईंच्या शब्दावर निर्माण झाला. त्याच बरोबर खेडोपाडी त्यांनी स्वेच्छा शाळा सुरू केल्या. अशा शाळांची संख्या चाळीसच्या वर गेली होती. खावटीच्या वहीत आपल्या नावापुढे काय लिहिले आहे हे ज्याला वाचता येत नाही, त्याची कर्जातून सुटका कोणत्याही कोठीने होणार नाही, हे वकील असलेल्या ह्या माणसाला पुरते ठाऊक होते.

अशा वेळी युद्धाची झळ प्रत्यक्ष चुलीपर्यंत येऊन पोहोचली. १९४२ च्या मार्चात जपान्यांनी रंगून घेतले, आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. कोकण भात पिकवते आणि भातच खाते. मुंबईसारख्या शहराचे पोट बाहेरच्या तांदळावर अवलंबून होते, आणि तो थांबताच व्यापाऱ्यांचे लक्ष जवळच्या भातखाचरांकडे वळले. भाव चढले, साठेबाजी वाढली. मुंबईत रेशनिंग सुरू झाले ते १९४३ च्या मे महिन्यात. तोवरच्या काळात खेड्यातल्या गरिबाचे हाल कुत्रा खाईना. धान्यकोठीचे काम करणाऱ्या माणसाला युद्ध ही वर्तमानपत्रातली बातमी नव्हती. तिचा आकडा त्याला रोज पायलीने मोजावा लागत होता.

त्याच मुलखात आणखी एक गोष्ट होती. सह्याद्रीच्या माथ्यावर धरणे बांधून पाणी कोकणात खाली सोडावयाचे आणि त्यापासून वीज काढावयाची, हा टाटांचा मोठा उद्योग ह्याच जिल्ह्यात उभा राहिला. खोपोलीचे वीजघर १९१५ साली, कर्जत तालुक्यातले भिवपुरीचे १९२२ साली आणि माणगावातले भिरा येथील १९२७ साली सुरू झाले. भिऱ्याला पाणी पुरविणाऱ्या मुळशीच्या धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी गेल्या, आणि सेनापती बापटांचा सत्याग्रह त्यावरूनच पेटला. ह्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालत. १९२९ पासून पुण्यापर्यंत आगगाड्याही विजेवर धावत. शहरातल्या घरात बटण दाबताच दिवा लागे आणि रेडिओ बोलू लागे. परंतु ज्यांच्या शेतातून पोलादी मनोरे उभे राहिले होते, त्या खेड्यांत मात्र रात्री रॉकेलची चिमणी पेटे, तीही तेल मिळाल्यास. वीज त्यांच्या तालुक्यात जन्मत होती आणि त्यांच्या डोक्यावरून निघून जात होती.

१९४२ च्या ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वीच महात्मा गांधींसह पुढारी कैदेत पडले. गावोगावच्या कार्यकर्त्यांना ह्यापुढे आज्ञा देणारा कोणी उरला नाही. प्रत्येकाने आपल्या बुद्धीने ‘करेंगे या मरेंगे’ ह्या शब्दांचा अर्थ लावला. साताऱ्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार पुढे आकाराला आले ते त्यातूनच. कुलाबा जिल्ह्यात १० सप्टेंबर रोजी नानासाहेब पुरोहित ह्यांच्या नेतृत्वाखाली महाडच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला आणि तरुण बळी पडले. भाई कोतवालांच्या नावाने पकडवॉरंट निघाले, आणि माथेरानच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष भूमिगत झाले.

पुढल्या तीन महिन्यांत त्यांनी जे केले, त्यामुळे त्यांचे नाव सरकारदरबारी प्रसिद्ध झाले. कर्जत, मुरबाडच्या रानात त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभारला. त्यात शेतकरी होते, आदिवासी होते, शाळामास्तर होते. मानिवलीचे गोमाजी पाटील आणि त्यांचा मुलगा हिराजी हे दोघेही ह्या दस्त्यात होते. ह्या मंडळींनी आपला रोख ठेवला तो वीजवाहिनीवर. अंधाऱ्या रात्री डोंगरउतारावरच्या मनोऱ्याचे पोलादी पाय करवतीने कापावयाचे, आणि मनोरा कोसळला की रानात पांगावयाचे, हा त्यांचा शिरस्ता. सप्टेंबर ते नोव्हेंबर ह्या काळात असे ११ मनोरे खाली आले. त्याचा परिणाम मुंबईच्या कारखान्यांवर आणि रेल्वेवर झाला. सरकारचे युद्धकार्य ज्या धाग्यावर लोंबकळत होते तो धागा कोठून जातो, हे ह्या खेडुतांना पक्के ठाऊक होते, कारण तो त्यांच्याच बांधावरून जात होता.

ह्या कृत्याचे मूल्यमापन तेव्हाही एकमताने झाले नाही, आणि आजही होऊ नये. युद्ध हिटलर आणि जपानी सेनाशाही ह्यांच्याविरुद्ध चालले होते, आणि गिरण्यांची वीज तोडल्याने त्या युद्धास अडथळा होतो, हा आक्षेप वरवरचा म्हणता येणार नाही. दुसरा आक्षेप खुद्द गांधींच्या बाजूचा होता. १९४४ साली सुटून आल्यावर त्यांनी भूमिगत राहणे आणि मोडतोड करणे ह्या दोन्ही गोष्टी आपल्या अहिंसेत बसत नाहीत असे सांगितले, आणि लपलेल्यांनी उघड व्हावे असा सल्ला दिला. भाईंच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की, ज्या युद्धात आपले मत न विचारता आपल्याला ओढले गेले, ज्या युद्धापायी आपल्या कोठीतले धान्य दुर्मिळ झाले, आणि ज्या सरकारने बोलू शकणारी सर्व माणसे एका रात्रीत गजाआड केली, त्या सरकारला निवेदने पाठविण्याचा मार्ग आता उरला नव्हता. कायदा शिकलेल्या माणसाने कायदा मोडला, तो कायदा कोणी आणि कोणासाठी केला हे पाहून मोडला.

ह्या सर्वांत एक गोष्ट सहसा नजरेआड होते. सशस्त्र पोलिसांचा पहारा असता, आणि पकडून देणाऱ्यास बक्षीस लावले असता, हा दस्ता तीन-चार महिने रानात तग धरून राहिला तो कशाच्या बळावर? शस्त्रास्त्रे त्याच्यापाशी नावापुरतीच होती. त्याला भाकरी मिळत होती, निरोप पोहोचत होते आणि पोलिसांची चाहूल आधी लागत होती. हे सर्व पुरविणारी माणसे तीच होती, ज्यांनी पावसाळ्यात धान्यकोठीतून भात नेले होते आणि ज्यांची पोरे स्वेच्छा शाळेत पाटीवर अक्षरे गिरवीत होती. कोठीने जो विश्वास निर्माण केला होता तोच आता रानातल्या वाटांवरून चालत होता. दोन वर्षांचे विधायक कार्य आणि तीन महिन्यांचा लढा असे दोन वेगळे अध्याय चरित्रकारांना सोयीचे वाटतात. कर्जतच्या खेडुतांच्या दृष्टीने तो एकच माणूस होता आणि त्याचे एकच काम चालले होते.

परंतु कोठल्याही मुलखात सर्वच माणसे एका बाजूस नसतात. ज्यांचा व्यवहार कोठीने बुडाला त्यांचा राग होता, आणि बक्षिसाचा मोह होताच. दस्ता मुरबाड तालुक्यात, भीमाशंकराच्या पायथ्याकडील सिद्धगडाच्या रानात असल्याची बातमी पोलिसांना लागली. हॉल नावाच्या इंग्रज पोलीस अधिकाऱ्याकडे ह्या कामगिरीची सूत्रे होती. २ जानेवारी १९४३ रोजी, थंडीच्या दिवसांत, नुकते उजाडू लागले असता पोलिसांनी तळ वेढला. गोळीबारात हिराजी पाटील पडले. भाईंच्या पायाला गोळी लागली. त्यांना पळता येईना. तशाच जखमी अवस्थेत असता हॉलने जवळून गोळी झाडून त्यांचा अंत केला. त्यांच्या वयाची तिशी पूर्ण होऊन अवघा महिना लोटला होता. त्यांच्यावर खटला चालला नाही. एका वकिलाचा न्याय न्यायासनापर्यंत पोहोचलाच नाही.

त्याच युद्धात जगाच्या दुसऱ्या टोकाला, फ्रान्समध्ये, एका गावच्या पुढाऱ्याची अशीच कथा घडली होती. मध्य फ्रान्समधील माँलुसाँ ह्या कारखान्यांच्या गावाचा मार्क्स दॉर्मुआ हा १९२६ पासून नगराध्यक्ष होता. मध्यंतरी तो देशाचा गृहमंत्रीही झाला, आणि १९३७ साली एका गुप्त फॅसिस्ट संघटनेचा कट त्याने उघडकीस आणला. १९४० साली जर्मनांनी फ्रान्स जिंकल्यावर, १० जुलैस व्हिशी येथे मार्शल पेताँ ह्याच्या हाती सर्वाधिकार देण्याचा ठराव आला, तेव्हा त्याविरुद्ध मत देणाऱ्या ऐंशी सभासदांपैकी दॉर्मुआ एक होता. त्याचे नगराध्यक्षपद गेले, त्याला स्थानबद्ध करण्यात आले, आणि २६ जुलै १९४१ च्या पहाटे माँतेलिमार येथे त्याच्या बिछान्याखाली ठेवलेल्या बॉम्बने त्याचा प्राण घेतला. युद्धानंतर, १९४६ साली, पॅरिसच्या भुयारी रेल्वेच्या एका स्टेशनास त्याचे नाव देण्यात आले.

दोघांचे मार्ग सारखे नव्हते. दॉर्मुआने मत दिले, कोतवालांनी करवत हाती घेतली. तथापि दोघांची तुलना एका कारणाने उद्बोधक ठरते. परक्यांच्या टाचेखालच्या फ्रान्समध्ये पूल उडवणाऱ्या आणि तारा तोडणाऱ्या माणसांना लंडनहून रेडिओवरून शाबासकी मिळत असे. त्याच महिन्यांत कर्जतच्या रानात तारा तोडणाऱ्यांना त्याच साम्राज्याचे अधिकारी दरोडेखोरांप्रमाणे हुडकीत होते. स्वातंत्र्याची व्याख्या भूगोलावर अवलंबून ठेवणाऱ्यांना हा विरोध तेव्हा जाणवला नाही. सिद्धगडच्या त्या पहाटेनंतर पाच वर्षांच्या आतच त्यांना येथून जावे लागले.

आणि तरीही त्या जिल्ह्यातली दोन राज्ये लागलीच एक झाली नाहीत. १५ ऑगस्ट १९४७ रोजी माथेरानवर तिरंगा चढला, पण म्हसळ्यात अद्याप नवाबाचाच अंमल होता. १९४८ च्या जानेवारीअखेर महाडच्या मोर्चाचे तेच नानासाहेब पुरोहित आणि तरुण मोहन धारिया ह्यांच्या पुढाकाराने लोकसेना जंजिऱ्याच्या हद्दीत शिरली. म्हसळा आणि श्रीवर्धन लोकांच्या हाती आले, मुरूडच्या नवाबाने नमते घेतले, आणि त्याच वर्षी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. उत्तरेस १९४२ साली सुरू झालेले काम दक्षिणेच्या खाडीकाठी अशा तऱ्हेने पुरे झाले. म्हसळ्याच्या रयतेला मत देण्याचा जो हक्क मिळाला, त्याची किंमत मोजणाऱ्यांत सिद्धगडच्या दोघांची गणना करावी लागते.

प्रतिवर्षी २ जानेवारीस सिद्धगडच्या पायथ्याशी लोक जमतात. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील ह्या दोघांची नावे तेथे एकत्र घेतली जातात. एक वकील आणि एक खेड्यातला तरुण, पण त्या ठिकाणी त्यांत उच्चनीच भाव उरत नाही. कोसळलेल्या मनोऱ्यांच्या जागी नवे मनोरे केव्हाच उभे राहिले, आणि वीज आता पायथ्याच्या पाड्यांतही पोहोचली आहे. खावटी मात्र तेवढ्या सहजपणे नाहीशी झाली नाही. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र सरकारला आदिवासींसाठी त्याच नावाची योजना चालवावी लागली. भाईंनी कोठीच्या रूपाने जो प्रश्न हाती घेतला होता तो असा पुढच्या पिढ्यांकडे आला. स्मारकापुढे फुले वाहणाऱ्याने त्यांच्या मृत्यूबरोबर त्या कोठीचाही हिशेब आठवावा, एवढे ह्या चरित्राचे मागणे आहे.